आमच्या टाऊनच्या स्कूल बोर्डावर उभं राहू का? (न्यू जर्सी, एकशाळी डिस्ट्रिक्ट)

परतीचा_पाऊस

नमस्कार मंडळी.

मध्य जर्सीत आमचं एक चिमुकलं टाऊन आहे. नाव मुद्दाम देत नाही. इथे सकाळी केलेली तक्रार संध्याकाळी पोस्टातल्या बाई आपल्यालाच ऐकवतात. शाळा एकच, बालवाडी ते आठवी, पोरं चारशेच्या आसपास. नववीपासून मुलं शेजारच्या टाऊनच्या हायस्कूलला जातात आणि त्यांची फी आमचा डिस्ट्रिक्ट भरतो. एवढ्याशा शाळेला स्वतःचा सुपरिंटेंडंट (शाळेच्या कारभाराचा मुख्य साहेब), स्वतःचा बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटर आणि सात जणांचं निवडून आलेलं बोर्ड.

मे महिन्याचा प्रॉपर्टी टॅक्सचा हप्ता भरला. आमचं वर्षाचं बिल साडेतेरा हजार डॉलर आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा शाळेचा. त्याच आठवड्यात बातमी आली की पुढच्या वर्षी बँडचे सर अर्धवेळ होणार आणि संध्याकाळची उशिराची बस बंद. म्हणजे टॅक्स वाढला आणि शाळा आटली, दोन्ही एकाच वेळी. मुलगा पाचवीत आहे, ट्रॉम्बोन वाजवतो. (वाजवतो म्हणजे, शेजारी अजून बोलतात आमच्याशी.)

नोव्हेंबरात बोर्डाच्या तीन जागा भरायच्या आहेत. इच्छुक एकच. सॉकरच्या मैदानावर एक जण म्हणाला, "तू उभा राहा, तुला आकडे कळतात." मला आकडे कळतात ते ऑफिसातल्या एक्सेलपुरते. सिटिझन होऊन दोन वर्षं झालीत, त्यामुळे कायद्याची अडचण नाही.

प्रश्न दोन. पैसे वाढूनही शाळा का आटते? आणि बोर्डाच्या हातात खरंच काही असतं का, की नुसतं हात वर करायचं काम?

मिरची_कोळंबी

मानधन किती?

परतीचा_पाऊस

शून्य. कायद्यानेच शून्य.

मिरची_कोळंबी

म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं. शिव्या तेवढ्या पूर्णवेळ.

आकडेमोड_काका

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. दुसरं देणारे बरेच येतील.

शाळेच्या बजेटमधले शंभर डॉलर धरा. पंचाहत्तर-ऐंशी पगार आणि आरोग्यविम्यात जातात. पगाराचा करार शिक्षक युनियनशी तीनेक वर्षांसाठी झालेला असतो, त्याला हात लावता येत नाही. विम्याचा हप्ता गेली काही वर्षं दोन अंकी टक्क्यांनी वाढतोय. मग हायस्कूलची फी, बस, खास गरजा असलेल्या मुलांचं शिक्षण, इमारतीचा विमा, वीज. बोर्ड ज्यावर खरोखर वाद घालू शकतं ते शेवटचे दोन-तीन डॉलर. बँड, उशिराची बस आणि ग्रंथपाल बिचारे त्या दोन-तीन डॉलरांत राहतात.

आता आवक. राज्यात टॅक्स वसुलीच्या वार्षिक वाढीला २ टक्क्यांचं छत आहे. आधी ४ टक्के होतं, क्रिस्टी गव्हर्नर असताना २०१० मध्ये २ टक्क्यांचा कायदा झाला. आरोग्यविमा, पटवाढ वगैरेंना थोडे अपवाद आहेत, आणि एखाद्या वर्षी पूर्ण वाढ घेतली नाही तर ती पुढची तीन वर्षं शिल्लक ठेवून वापरता येते. पण ढोबळ हिशेब असा: खर्च चार-पाच टक्क्यांनी वाढणार, वसुली दोनने. उरलेली भोकं राज्याच्या अनुदानाने बुजवायची. आणि तुमच्यासारख्या बऱ्या घरांच्या टाऊनला ते अनुदान बेताचंच मिळतं, कारण २००८ च्या सूत्रात टाऊनची श्रीमंती मोजून तेवढा वाटा तुम्हीच उचला असं म्हटलेलं आहे. २०१८ च्या कायद्याने ज्यांना सूत्रापेक्षा जास्त मिळत होतं त्यांचं हळूहळू कापलं. त्यात पट घटलेले बरेच डिस्ट्रिक्ट सापडले. कोविडचा केंद्राचा पैसा सप्टेंबर २०२४ मध्ये संपला. त्या पैशातून कायमची माणसं नेमली असतील तर ती आता अंगावर आली.

म्हणून टॅक्स वाढतो आणि बँडही जातो. कोणी पैसे खाल्लेत असं समजू नका. आमच्या लोकांचा पहिला संशय तिथेच जातो.

खडू_फळा

एक शंका. मी जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक, सातारा जिल्हा. डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा ना? एका शाळेचा जिल्हा? आमच्या एका केंद्रप्रमुखाकडे बारा शाळा आहेत आणि त्या सायबांना बसायला खुर्चीसुद्धा दुसऱ्याच्या शाळेतली.

आकडेमोड_काका

गुरुजी, हसू नका. न्यू जर्सीत काऊंटी, म्हणजे तुमच्या अर्थाने जिल्हे, २१. स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे टाऊनच्या शाळा चालवणारा वेगळा कारभार, सहाशेच्या घरात. काही वर्षांपूर्वी इथे असेही डिस्ट्रिक्ट होते ज्यांना बोर्ड होतं पण शाळाच नव्हती. सगळी पोरं फी भरून शेजारी पाठवायची. २००९ मध्ये असे तेरा डिस्ट्रिक्ट सरकारने एकदम मोडीत काढले.

खडू_फळा

शाळा नाही पण समिती आहे. हे मात्र अगदी आपल्यासारखं.

बोरीबंदर_लोकल

एवढे डिस्ट्रिक्ट का झाले त्याची गोष्ट भारी आहे. १८९४ च्या सुमारास कायदा झाला की गावोगावच्या छोट्या छोट्या शाळा-विभागांऐवजी पूर्ण टाऊनशिपचा एकच स्कूल डिस्ट्रिक्ट. झालं! ज्या वस्तीने स्वतःची शाळा नुकती बांधून कर्ज फेडलं होतं, तिला पलीकडच्या वस्तीच्या शाळेचा खर्च कशाला द्यायचा असं वाटलं. पळवाट अशी की वेगळी 'बरो' (छोटी स्वतंत्र नगरपालिका) म्हणून नोंदणी केली की शाळाही वेगळी. दीडेक वर्षात एकट्या बर्गन काऊंटीत दोन डझनांवर बरो जन्माला आल्या. त्या रोगाला तेव्हापासून नाव आहे 'बरोआयटिस'. न्यूयॉर्कहून पूल ओलांडून आलं की दर दीड मैलाला नवं टाऊन, नवा पोलिस चीफ, नवं स्कूल बोर्ड लागतं ते त्यामुळे.

तिरकस

म्हणजे भावकी. बांधावरून चूल वेगळी केली आणि सव्वाशे वर्षं झाली तरी विहिरीवरून भांडण चालू.

मिरची_कोळंबी

तिरकस, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवते.

नीलमोहर

मग एकत्र का करत नाहीत? एकशाळी डिस्ट्रिक्टला स्वतंत्र सुपरिंटेंडंट म्हणजे उधळपट्टीच की. चार टाऊन मिळून एक साहेब ठेवा, तेवढ्यात बँडचे सर पूर्णवेळ होतील.

बोरीबंदर_लोकल

प्रयत्न होतात. लॅम्बर्टव्हिल, स्टॉकटन आणि वेस्ट ॲमवेल यांनी २०१३ मध्ये मतदान घेऊन आपले डिस्ट्रिक्ट विलीन केले, साऊथ हंटरडन. ॲटलांटिक हायलँड्स आणि हायलँड्स २०२३ च्या मतदानानंतर २०२४ मध्ये एक झाले. राज्याने २०२२ पासून असा अभ्यास करायला पैसेही ठेवलेत. तरी संख्या हाताच्या बोटांवर. कारण दोन. पहिलं, विलीनीकरणात पगाराचे तक्ते एक करावे लागतात आणि ते कधीच खालच्या तक्त्यावर एक होत नाहीत. दुसरं, टॅक्स कुणी किती भरायचा. घरांच्या किमतीवर वाटला तर श्रीमंत टाऊन ओरडतं, मुलांच्या संख्येवर वाटला तर गरीब. आणि दोन्ही टाऊनमध्ये वेगवेगळं मतदान होऊन दोन्हीकडे 'हो' यावं लागतं.

नीलमोहर

हं. म्हणजे लग्नाला दोन्ही घरची संमती, आणि मानपान आधीच लेखी.

फ्रिस्कोची_वहिनी

टेक्सासातून थोडं अवांतर. इथे डिस्ट्रिक्ट अवाढव्य आणि राज्याचा इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे प्रॉपर्टी टॅक्स सणसणीत. गंमत अशी की श्रीमंत डिस्ट्रिक्टने गोळा केलेल्या पैशाचा एक भाग राज्य काढून घेतं आणि गरीब डिस्ट्रिक्टकडे वळवतं. १९९३ पासून चालू आहे, लोक त्याला 'रॉबिन हूड' म्हणतात. आमच्याकडच्या पार्ट्यांमध्ये दर वर्षी हा विषय निघतो आणि मिळून सगळे नाकं मुरडतात. सगळ्यांची घरं पाच बेडरूमची. मी एकदा म्हटलं, रिओ ग्रँडच्या काठच्या गरीब पोरांनी काय घोडं मारलंय तुमचं? तेव्हापासून आम्हाला पॉटलकला फक्त कोशिंबीर आणायला सांगतात.

आकडेमोड_काका

वहिनी, आमच्याकडे तेच काम कोर्टाने केलं. जर्सीच्या घटनेत १८७५ पासून एक वाक्य आहे: पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी परिपूर्ण आणि कार्यक्षम अशी मोफत शाळा-व्यवस्था राज्याने चालवायची. त्या दोन विशेषणांवर पन्नास वर्षं खटले चाललेत. १९७३ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नुसत्या प्रॉपर्टी टॅक्सवर शाळा चालवणं घटनेत बसत नाही. विधिमंडळ हललं नाही, तेव्हा १ जुलै १९७६ ला कोर्टाने राज्यभरच्या शाळा बंद करायला लावल्या. आठवड्याभरात इन्कम टॅक्स पास! पुढे ॲबट खटला आला. त्यातून नेवार्क, कॅमडेन, पॅटरसनसारख्या ३१ गरीब डिस्ट्रिक्टना श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीने पैसा आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना चांगली बालवाडी मिळाली.

सुगीचे_दिवस

काका, तुम्ही वर खास गरजांच्या मुलांचं शिक्षण एका ओळीत उरकलंत. आमच्याकडे तोच मोठा आकडा आहे. बाहेरच्या खास शाळेत एक मूल पाठवलं की वर्षाला लाखभर डॉलर. छोट्या डिस्ट्रिक्टचं कंबरडं मोडतं. स्पष्ट बोलायचं तर एका मुलापायी चारशे मुलांचा बँड जातो. वाईट वाटेल, पण हिशेब आहे हा.

तळ्यात_मळ्यात

सुगीचे दिवस, ते "एक मूल" आमचं आहे. म्हणजे तुमच्या टाऊनमधलं नव्हे, पण प्रत्येक छोट्या टाऊनमध्ये एक असतंच आणि आमच्या टाऊनमधलं ते आमचं.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. बोलत नाही. टाऊनच्या शाळेत दोन वर्षं ठेवून पाहिला. त्याला सांभाळायला प्रशिक्षित माणूस मिळेना, शेवटी डिस्ट्रिक्टनेच बाहेरची शाळा सुचवली. सकाळी पावणेसातला व्हॅन येते, पाऊण तासाचा प्रवास. बजेटच्या सुनावणीला मी मागच्या रांगेत बसले होते. पडद्यावर तक्ता आला: "डिस्ट्रिक्टबाहेरील प्रवेश, मागील वर्षीपेक्षा अधिक १." नाव नसतं हो, कायद्याने लिहिताच येत नाही. पण साठ माणसांच्या त्या सभागृहात चार माना हळूच माझ्याकडे वळल्या. त्यातल्या दोघी दर शुक्रवारी माझ्याकडे चहाला यायच्या.

आता हिशेबाचंच बोला. खर्च ठरावीक रकमेपुढे गेला की राज्याकडून वेगळं अनुदान येतं, पण ते उशिरा आणि पूर्ण नाही. केंद्राने १९७५ च्या कायद्यात अशा मुलांच्या जादा खर्चाला ४० टक्क्यांपर्यंत हातभार लावू म्हटलं होतं. प्रत्यक्षात १५ टक्केही येत नाही. म्हणजे भोक वॉशिंग्टनने पाडलं आणि टाऊन बघतं माझ्या मुलाकडे. बँड जायला नको हे मलाही वाटतं. माझी मोठी क्लॅरिनेट वाजवते.

सुगीचे_दिवस

ताई, माफ करा. मी ते वाक्य तसं लिहायला नको होतं. खोडत नाही, कारण तुमचं उत्तर त्याला आहे.

मिरची_कोळंबी

तळ्यात मळ्यात, शुक्रवारचा चहा आता आमच्याकडे. एडिसनला. सिरियसली सांगतेय, व्यक्तिगत निरोप करा.

चष्मिष्ट

मूळ मुद्द्याकडे, शाळेची "कामगिरी". घर घेताना एजंट वेबसाइटवरचं दहापैकी रेटिंग दाखवतो. आमच्या शाळेचं ८ होतं, ते एका वर्षात ६ झालं आणि गावात सुतक आलं. मी राज्याचा अहवाल उघडून बसलो. परीक्षा तिसरी ते आठवी, इंग्रजी आणि गणित. चौथीच्या वर्गात मुलं ३४. एक मूल म्हणजे जवळजवळ ३ टक्के. त्या वर्षी चार मुलांना परीक्षेच्या दिवसांत ताप आला असता तरी चौथीचा निकाल १२ टक्क्यांनी घसरला असता. आणि एखाद्या गटात मुलं फारच थोडी असली की खासगीपणासाठी तो आकडाच झाकतात, चांदणी टाकून. आमच्या अहवालात आकड्यांपेक्षा चांदण्या जास्त, कोजागिरीच जणू.

त्यामुळे छोट्या डिस्ट्रिक्टचं एका वर्षाचं रेटिंग बघून घर घेऊ नका आणि विकूही नका. तीच मुलं तिसरीत कुठे होती आणि सहावीत कुठे आहेत, एवढं सलग बघा. बोर्डावर कोणी गेलं तर सुपरिंटेंडंटला विचारायचा तोच एक प्रश्न आहे.

तिरकस

आणि रेटिंग ज्यात सगळ्यात जास्त मोजलं जातं ती गोष्ट म्हणजे आई-बाप किती शिकलेत. मध्य जर्सीत आपल्या लोकांची गर्दी झाली की रेटिंग वर जातं आणि आपण म्हणतो शाळा छान आहे. गणिताचा क्लास मात्र शनिवारी बाहेर.

खडू_फळा

आमच्याकडचं सांगतो, तुलना म्हणून नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती आहे. पाऊणशे टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. मुख्याध्यापक सचिव. कागदावर समिती शाळेचा विकास आराखडा करते. आमचा पट ४८, शिक्षक दोन. समग्र शिक्षातून वर्षाला संयुक्त शाळा अनुदान २५ हजार रुपये. त्यात खडू, रंग, विजेचं बिल, झाडू, दुरुस्ती सगळं. शिक्षक किती द्यायचे हे संचमान्यता ठरवते, बदली ऑनलाइन होते, पगार शासनाचा. समितीने ठरवायचं काय, तर झाडू कोणत्या दुकानातून आणायचा.

पूर्वी प्रोसिडिंग (सभेची नोंदवही) मी घरोघरी सह्यांना फिरवायचो, खोटं कशाला बोलू. दोन वर्षांपूर्वी एक आई अध्यक्ष झाली. शेतमजुरी करते, चौथी शिकलेली. ती पहिल्या सभेला आली आणि एवढंच विचारलं, "मुलींच्या संडासाला आतून कडी का नाही?" कडी साठ रुपयांची. तीन वर्षं मला दिसली नव्हती, कारण मी त्या संडासात जात नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः बसवली. त्यानंतर सभेला बायका यायला लागल्या.

तुमचं बोर्ड पैसे गोळा करतं म्हणून त्याला वजन आहे. आमच्या गावाने शाळेसाठी लोकवर्गणी काढली तर लोक हिशेब विचारतात. शासनाच्या पैशाचा कोणी विचारत नाही. आणि जिल्हा परिषदेत विचारणारे तरी कुठे होते? २०२२ पासून कितीतरी काळ निवडणुकाच नव्हत्या, प्रशासक बसले होते. शिक्षण समिती होती ती कागदावर.

आबा_वाईकर

मी ८३ वर्षांचा आहे, नातवाच्या फोनवरून लिहितो. आमच्या लहानपणी शाळेला "लोकल बोर्डाची शाळा" म्हणत, आणि आमचे आजोबा "लोकल फंडाची". तो फंड म्हणजे शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा. इंग्रजांनी १८६० नंतर मुंबई इलाख्यात बसवला. त्यातला तिसरा हिस्सा शाळांना, बाकी रस्त्यांना. म्हणजे जमिनीवरच्या करातून गावची शाळा, तुमच्या न्यू जर्सीचंच तत्त्व. पुढे १९२३ च्या कायद्याने जिल्ह्याला स्कूल बोर्ड आलं. आमच्या गुरुजींची बदली झाली की लोक स्कूल बोर्डाच्या मेंबराला भेटायला जात, सोबत हुरडा घेऊन. तेव्हा मेंबर कोण ते तरी माहीत असे.

नीलमोहर

आबा, नमस्कार. पुण्यातल्या आमच्या मिळकतकराच्या बिलात अजूनही शिक्षण कर अशी ओळ असते. वीस वर्षं भरतेय. तो कुठे जातो हे विचारावं असं आज पहिल्यांदा वाटलं.

मिरची_कोळंबी

दिवाळीच्या सुट्टीचं कोणी काढलं नाही अजून? मध्य जर्सीत बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये शाळा बंद असते, ते बोर्डच ठरवतं ना? उभे राहा आणि लक्ष्मीपूजनाची सुट्टी आणा. झेंडा तयार.

दोन_टर्म

१८० दिवस शाळा भरलीच पाहिजे, नाहीतर राज्याचं अनुदान अडचणीत. त्यामुळे सुट्टी वाढवली की जूनमध्ये तेवढे दिवस वाढतात. हे सांगायला लॉगिन केलंय, आलोच आहे तर पूर्ण लिहितो. दुसऱ्या एका टाऊनच्या बोर्डावर मी सहा वर्षं होतो.

निवडून आलो ते अपघाताने. एका जागेला उमेदवारच नव्हता. बायकोच्या मैत्रिणींनी मतदानाच्या मशीनवर माझं नाव हाताने घातलं. १९ मतं पडली, त्यात माझ्या आडनावाची चार स्पेलिंगं. काऊंटीच्या क्लार्कचा फोन आला, हे चारही तुम्हीच का?

मग बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, सक्तीचं प्रशिक्षण, दर वर्षी मिळकतीचं जाहीर पत्रक. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगतात: शाळा चालवणं हे तुमचं काम नाही, ती नीट चालतेय की नाही ते बघणं हे काम. आणि एकट्या सदस्याला काहीही अधिकार नाही. मीटिंगमध्ये बहुमताने ठरलं तरच बोर्ड बोललं असं धरतात. किराणा दुकानात कोणी धरून विचारलं, "माझ्या मुलीला त्या बाईंच्या वर्गातून काढा," तर उत्तर एकच, "आधी शिक्षकांशी बोला, मग प्रिन्सिपलशी." पहिलं वर्ष मी हे न सांगता दोघा-तिघांना "बघतो" म्हणालो. भारतीय सवय. चांगलाच अडकलो.

मोठे निर्णय सहा वर्षांत मोजून तीन. सुपरिंटेंडंट नेमणं, शिक्षकांचा करार, आणि छत-बॉयलरसाठी कर्जरोख्यांचं जनमत. सुपरिंटेंडंट हेच खरं. छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये चांगला माणूस टिकत नाही. पगारावर २०११ ते २०१९ राज्याची मर्यादा होती, आमचे साहेब त्या काळात सरळ पेनसिल्व्हेनियात गेले. बाकी सगळं म्हणजे टोनर, फील्ड ट्रिप, बदली शिक्षकांचे दर. अजेंडा तीस पानांचा, एकेका कलमाला नावं पुकारून "हो".

आणि बस. कायदा म्हणतो आठवीपर्यंतच्या मुलाला घर शाळेपासून २ मैलांहून लांब असेल तरच बस देणं बंधनकारक. त्याच्या आतली बस ही मेहेरबानी. आम्ही ती बंद केली त्या रात्री एक वडील रस्ता मोजायचं चाक घेऊन मीटिंगला आले. त्यांचं घर १.९७ मैल. चाक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, या कमी पडलेल्या दीडशे फुटांपायी माझी मुलगी फूटपाथ नसलेल्या रस्त्याने चालणार. बोलायला मिळतात ती तीन मिनिटं झाली, टायमर वाजला, ते बसले. आम्ही ठराव पास केला. मीही 'हो' म्हणालो. ते चाक नंतर कितीतरी महिने कस्टोडियनच्या (शाळेच्या शिपायाच्या) खोलीत पडून होतं. न्यायला आले नाहीत.

तेव्हा परतीचा पाऊस, हातात काही असतं का याचं उत्तर: फार थोडं. पण ते थोडं कोणावर पडतंय हे बघायला खोलीत कोणीतरी असावं लागतं. आणखी एक, २०१२ पासून निवडणूक नोव्हेंबरात नेलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये २ टक्क्यांच्या आतलं बजेट मतदानाला जातच नाही. आधी दर एप्रिलला जायचं. २०१० मध्ये राज्यातली निम्म्याहून जास्त बजेटं लोकांनी पाडली होती. आता सगळी भिस्त त्या सात जणांवर.

सुगीचे_दिवस

चाकाची गोष्ट डोक्यातून जाणार नाही.

आकडेमोड_काका

दोन टर्म यांना अनुमोदन. धागाकर्त्याला एकच सल्ला: फॉर्म भरायच्या आधी निदान एक मीटिंग पूर्ण बसून बघा. आणि डिस्ट्रिक्टच्या साइटवर "यूजर फ्रेंडली बजेट" नावाची फाइल असते, ती काढा. नावाएवढी फ्रेंडली नाही.

परतीचा_पाऊस

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, क्षमस्व. दोन मीटिंगना जाऊन आलो.

शाळेच्या लायब्ररीत असते. प्रौढांच्या खुर्च्या सात, त्या बोर्डाला. बाकीच्यांनी दुसरीतल्या मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसायचं. प्रेक्षक पहिल्या दिवशी पाच. त्यातला एक कस्टोडियन, कुलूप लावायला थांबलेला. मी तीन मिनिटांत विचारलं, उशिराची बस किती मुलं वापरत होती? बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटर बाईंनी कागद चाळले आणि म्हणाल्या, रोज सरासरी अकरा. खर्च सांगितला. मी गप्प बसलो, कारण एक्सेलमध्ये मीसुद्धा ती ओळ कापली असती.

मग बाहेर पार्किंगमध्ये एका बाईंनी गाठलं. त्या अकरांतली दोन मुलं त्यांची. नर्सिंग होममध्ये दुपारपाळी. उशिराची बस गेल्यावर मुलगा गणिताच्या जादा तासाला थांबू शकत नाही. मीटिंगमध्ये का बोलला नाहीत विचारलं, तर म्हणाल्या, माझं इंग्रजी. दुसऱ्या मीटिंगला आम्ही दोघं गेलो. बोर्डाने आश्वासन दिलेलं नाही. आठवड्यातून दोन दिवस शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या बसमध्ये जागा मागता येते का, ते सप्टेंबरआधी बघणार आहेत.

दोन_टर्म

इंटरलोकल करार. होतं ते. पाठ सोडू नका. आणि अर्जाची मुदत जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी ४ ला संपते. ४ म्हणजे ४.

मिरची_कोळंबी

अहो पण भरताय का अर्ज? धागा शंभरी गाठायच्या आत सांगा.

परतीचा_पाऊस

सह्या गोळा करतोय. काल समोरच्या आजींकडे गेलो. वय ८१, त्यांची मुलं याच शाळेत शिकून कधीच बाहेर पडली. बजेटवर मतदान होतं तेव्हा दर एप्रिलला न चुकता 'नाही' म्हणून आलेल्या. हे त्यांनी दारातच अभिमानाने सांगितलं. मला आत बसवलं, लिंबूपाणी दिलं, टॅक्सवर वीस मिनिटं ऐकवलं आणि मग चष्मा लावून सही केली.

मी थँक यू म्हणून उठलो तर म्हणाल्या, "सही केलीय. मत देणार नाही." आणि दार लावता लावता, "तुझ्या मुलाचा तो भोंगा मात्र चालू ठेव. हल्ली सूर लागतोय त्याला."